घुबड, विंचू आणि अकराचा चहा

सिल्वासा बस स्टँड, पाण्याच्या टाकीजवळचं बाकडं
मंगळवार, दुपारी बाराचा सुमार

तीर्थस्वरूप भगवंतमामा यांच्या पायांवर, घराण्यातल्या सगळ्यांत हिंडफिऱ्या भाच्याने, म्हणजे संजूने, डोकं ठेवलं आहे असं समजावं. (प्रत्यक्षात ते माझ्याच गुडघ्यांवर आहे, कारण बाकड्याला पाठ नाही.) मामींना वेगळा नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर उतरली का? आणि तुमच्या दुकानातला तो जुना तराजू, ज्याचं एक पारडं कायम खाली असायचं, तो अजून तसाच आहे की कुणी तक्रार केली? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त मागून कुणी "संजू" म्हटलं की मी बसल्या जागी वीतभर उडतो. बाकी भूक वगैरे छान आहे.

फोन का नाही केला असं तुम्ही म्हणाल. एक तर तुम्ही फोन स्पीकरवर लावून गल्ल्याशेजारी ठेवता, आणि माझी अब्रू अख्ख्या शहाद्याच्या गिऱ्हाइकांना तांदळाबरोबर मोजून मिळते. दुसरं म्हणजे माझा फोन साडेअकरापासून बंद आहे. चालू केला तर दोन माणसांपैकी एकाचा येईल, आणि कुणाचा आला तर जास्त वाईट हे माझं मलाच ठरवता येत नाही. म्हणून पत्र. कागद पाठकोरे आहेत. उलटून बघाल तर मोठ्या डोळ्यांचं एक घुबड दिसेल. मामींना दाखवू नका, किंवा दाखवण्याआधी सांगा की ही जाहिरात आहे.

तर मामा, तुम्ही मला इथे चिकटवलंत त्याला पाच महिने झाले. पाच महिने, एकाच गावात, एकाच दुकानात. तुम्हाला आठवत असेल, सुरतेला साड्यांच्या घड्या घालायला मी अकरा दिवस टिकलो होतो, आणि सिन्नरला त्या बेअरिंगच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत. (त्यात माझी चूक नव्हती. फाटकाबाहेर एक जण अस्वल घेऊन चालला होता, निदान लांबून तरी ते अस्वल वाटलं, म्हणून मी मागोमाग गेलो, तर ती घोंगड्यांची मोटारसायकल निघाली, पण तोवर घोटी आली होती.) इथे मात्र तुमचा शब्द होता. श्रीधरकाका तुमच्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलेले, त्यांना तुम्ही सांगितलंत, "पोरगं भटकं आहे पण लबाड नाही." हे वाक्य श्रीधरकाकांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. ते वाक्य आता मला दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतं.

दुकान टोकरखाड्यात आहे, कॉलन्यांच्या तोंडाशी. कॉम्प्युटरचं दुकान, पण खरा धंदा ग्राफिक्स कार्डाचा. तुम्हाला कळेल असं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक विटेएवढा तुकडा बसवतात, तो पडद्यावरची चित्रं पळवतो. त्याला स्वतःचे तीन पंखे असतात. (माझ्या खोलीत एक आहे, तोही ऐन उकाड्यात घरमालकीणबाईंनी काढून नेला होता.) किंमत म्हणाल तर जुनी चांगली मोटारसायकल येईल. घेणारे म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यांतले डिझाइनवाले, लग्नाचे व्हिडिओ कापणारे, आणि गेम खेळणारी पोरं, ज्यांच्या बापांना वाटतं की हे इंजिनीअरिंगच्या अभ्यासाला लागतं.

कार्डं बनवणाऱ्या कंपन्या दोन. नावं परदेशी आहेत, इथे कुणी घेत नाही. एकीच्या डब्यावर घुबड आहे, तिला घुबडवाली म्हणतात. दुसरीच्या डब्यावर नांगी उगारलेला विंचू, ती विंचूवाली. दोघींचं जन्माचं वैर. हिने किंमत हजाराने उतरवली की ती दीड हजाराने, हिने डब्यात टोपी फुकट दिली की ती टी-शर्ट देते. श्रीधरकाका घुबडवाले. आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, मिलिंदभाई विंचूवाले. हे दोघं पूर्वी एकाच यार्नच्या कंपनीत बारा वर्षं इंजिनीअर होते, एका डब्यात जेवायचे, मग एकदम नोकरी सोडून दोघांनी एकच दुकान काढलं. मग चार वर्षांपूर्वी घुबड ठेवायचं की विंचू, यावरून जे वाजलं, ते अजून वाजतंय. एकमेकांशी एक शब्द नाही. मिलिंदभाईंना घुबडाच्या बाजूचा भाजीवाला लागला, तर ते चौकातून वळसा घालून जात, पण मधला रस्ता ओलांडत नसत. तो रस्ता मामा, तुमच्या अंगणाएवढा आहे.

चहा तेवढा तुटला नाही. श्रीधरकाकांच्या घरच्या अनुराधाकाकू, त्याच दुकानाच्या मागे गॅसवर आलं घालून चहा करतात, आणि एकत्र असल्यापासूनचा रिवाज म्हणून सकाळी अकराला एक ग्लास पलीकडे जातो. काकूंचं म्हणणं, भांडण पुरुषांचं आहे, आल्याचं नाही. तो ग्लास नेणं हे माझं काम. आधी जया म्हणून मुलगी होती, तिने नुसता ग्लास नेला आणि नुसता परत आणला. ती शहाणी होती, लग्न करून वापीला गेली. मी मात्र तुमच्या दुकानात वाढलेलो आहे.

आता मामा, रागावू नका, पण इथे तुमचा संबंध येतो. मी दहा वर्षांचा असताना एक बाई गूळ मागायला आली होती, आणि मी "नाही" म्हणालो होतो. तुम्ही मागून टपली मारलीत (मोठी नव्हती, पण मी तेव्हा बोरं खात होतो आणि एक आठोळी गिळली, ती अजून आत असावी असा मला संशय आहे) आणि म्हणालात, "दुकानात 'नाही' म्हटलं की लक्ष्मी उठून समोरच्या दुकानात जाते. गूळ वाढला म्हण, उद्या येतो म्हण, काहीही म्हण, पण नाही म्हणू नकोस." तेव्हापासून दुकानाचा उंबरा ओलांडला की माझ्या जिभेला तो शब्द फुटतच नाही. सुरतेला शेठ म्हणाला, उद्यापासून येणार ना, तर मी हो म्हणालो आणि त्याच दुपारी गाडीत बसलो.

पहिल्याच आठवड्यात मी अकराचा चहा घेऊन गेलो. मिलिंदभाईंनी ग्लास घेतला आणि पडद्यावरून नजर न काढता विचारलं, समोर आज किती गेली. खरं उत्तर होतं, एकही नाही. आमच्याकडे आठवड्याला एखादं कार्ड गेलं तर गेलं, कारण नवं मॉडेल येणार अशी हवा होती आणि सगळं गिऱ्हाईक थांबून बसलेलं. पण सकाळची वेळ, भवानी व्हायची, समोर गल्ला, त्यावर गणपती. मी म्हणालो, दोन. मिलिंदभाईंचा चहा खाली सांडला. परत आलो तर श्रीधरकाका डब्यांवरची धूळ झटकत, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, काय म्हणतोय विंचू, किती विकली. तिकडेही खरं उत्तर तेच. आता एकाला दोन सांगून दुसऱ्याला कमी सांगणं मला अन्यायाचं वाटलं. मी म्हणालो, दोन.

इथेच थांबलं असतं तर मी आज बस स्टँडवर नसतो. पण रोज अकरा वाजतातच, मामा, रविवार सोडला तर. दुसऱ्या दिवशी तीन, पुढच्या आठवड्यात चार, गणपतीत एकदा तोंडातून सात गेले. प्रत्येकाला वाटायचं, समोर धो धो चाललंय आणि माझंच दुकान कुणी बांधून ठेवलंय. श्रीधरकाकांनी दारावर लिंबू-मिरची लावली, मिलिंदभाईंनी दिव्यांची माळ. यांनी स्पीकर आणला, त्यांनी दोन आणले. मग दोघांनीही ठरवलं की माल भरलेला दिसला की गिऱ्हाईक येतं, आणि टेम्पो यायला लागले. आता आमच्याकडे छतापर्यंत घुबडं आहेत. ऐंशी डबे. प्रत्येकावर दोन डोळे, म्हणजे एकशे साठ, आणि मी झाडू मारतो तिकडे ते सगळे वळतात. पलीकडे तेवढेच विंचू. मी आता बूट घालण्याआधी झटकून घेतो.

मी सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मनात म्हटलं, आकडे खोटे असतील तर माल खपवून खरे करू. श्रीधरकाकांच्या स्कूटरवर दोन डबे बांधून रांध्याला एका पाइपच्या कारखान्यात निघालो. वाटेत एक जण बांबू चिरत होता. मामा, तो बांबूला हात लावायच्या आधी त्याला नुसता बघायचा, आणि कोयता घातला की पार बुडापर्यंत सरळ रेघ. ते बघण्यात पाइपवाल्यांची सुट्टी झाली. मग तसाच पुढे सुरंगीपर्यंत गेलो, कारण त्या माणसाने सांगितलं की तिथे आपल्याकडचा, साक्रीचा, झुंबर म्हणून एक आहे आणि त्याला गेमचा फार नाद आहे. झुंबर भेटला. ठेचा-भाकर खाऊ घातली. डबा उघडून अर्धा तास तिन्ही पंखे बोटाने फिरवले आणि म्हणाला, "भो, वस्तू लई भारी, पण मना जोडे कॉम्प्युटर नही." त्याच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता, आणि 'नही' हे बघा, तो किती सहज म्हणाला. तो किराणा दुकानात वाढलेला नाही.

मागच्या सोमवारी खरी भीती आली, दोन गाड्यांतून. घुबडवाल्या कंपनीच्या मृणाल मॅडम पुण्याहून आणि विंचूवाल्यांचे ललित सर मुंबईहून, एकाच दिवशी, कारण सिल्वासाचे आकडे सुरतेच्या वर गेले होते. कसे गेले? समोरचा सात विकतोय म्हटल्यावर स्वतःचा शून्य कोण कळवेल? दोघा मालकांनी आपापल्या कंपनीला आठ-आठ कळवले होते. मृणाल मॅडमनी मला गाडीमागे बोलावलं. चहा तूच दोन्हीकडे नेतोस ना, खरं काय ते सांग, म्हणाल्या. गाडीमागे दुकान नव्हतं, गल्ला नव्हता, गणपती नव्हता. मी सांगून टाकलं, दोन्हीकडे मिळून सगळ्या महिन्यांत नऊ. त्यांनी चष्मा काढला, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे आणखी कुणाला बोलू नकोस. मी पुण्याला साठ सांगितलेत." ललित सरांनी तर मला पुरतं बोलूच दिलं नाही. त्यांनी मुंबईला सत्तर सांगितले होते, कारण पुण्याने साठ सांगितल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

तोवर मला खोटं पकडलं जाईल याची भीती होती. त्या दिवसापासून ते कधीच पकडलं जाणार नाही याची भीती वाटायला लागली. मी रात्रंदिवस विचार करतोय, मामा, की मुंबईच्या वर कोण असेल, आणि त्याच्या वर, आणि समुद्रापलीकडे ते दोन मोठे साहेब, आणि त्यांच्यामध्ये रोज अकराला चहा कोण नेत असेल.

जाताना दोन्ही साहेबांनी एकच निरोप दिला. इतका खप असलेल्या गावात अधिकृत केंद्र हवं, पण गावात जागा एकाच मोठ्या दुकानाची आहे. लक्ष्मीपूजनापर्यंत ज्याचा आकडा मोठा, त्याला पाटी आणि थेट माल. ज्याचा छोटा, त्याच्या कंपनीने या गावातून हात काढला असं समजायचं. म्हणजे दोघांतलं एक दुकान बंद. आणि कुठलं, ते माझ्या जिभेवर.

आज सकाळी केटलीतून चहा नेला तर मिलिंदभाई हार मानून, स्टुलावर चढून विंचवाचं पोस्टर काढत होते. भिंतीवरून नीट सोडवून, घडी करून ठेवत होते. भक्तीवहिनी, त्यांच्या बायको, फडक्याने डिंकाचे डाग पुसत होत्या. नाशिकला मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये जागा आहे म्हणे, दिवाळीनंतर जातील. खाली उतरले, ग्लास घेतला आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं.

"शेवटचं विचारतो, संजू. त्याची किती गेली?"

मामा, आठ हा आकडा माझ्या ओठांपर्यंत आला होता. गल्ला समोर होता. गणपतीही होता. मी वहिनींच्या हातातलं फडकं बघितलं.

"एकही नाही, भाई," मी म्हणालो. "आज नाही, काल नाही, गणपतीतही नाही. आणि तुमची पण जात नाहीत, हे मी तिकडे कधी सांगितलं नाही."

बोललो आणि सवयीने मान खाली घातली, मागून टपली येईल म्हणून. आली नाही. मिलिंदभाईंनी सगळा चहा पिऊन टाकला, अगदी तळाच्या आल्यापर्यंत. मग रिकामा ग्लास हातात धरून ते दारातून निघाले आणि सरळ रस्ता ओलांडायला लागले. एका रिक्षाने भोंगा वाजवला, तिकडे बघितलंही नाही. समोरच्या काचेला काळी फिल्म आहे. दार उघडलं, ते आत गेले, दार लागलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी केटली तिथेच टाकून पिशवी आणायला पळालो.

सुरतेची बस दीडला आहे. तुमच्या शब्दाला मी बट्टा लावला, याचंच फार वाटतं. "लबाड नाही" हे आता खोडून टाका. "भटका" राहू द्या. मामींना सांगा, मी स्वेटर सोबत घेतलाय. बस लागलेली दिसते, तिची पाटी वाचून येतो.

आपला, जिथे असेल तिथून,
संजू

ता. क. (बुधवार) : बस सुरतेचीच होती, पण शेजारी एक जण उसाच्या यंत्राचा पट्टा बदलत होता आणि तो उलटा बसवतोय हे मला दिसत होतं. ते सांगून होईपर्यंत बस गेली. त्यानंतर अनुराधाकाकू स्कूटरवरून आल्या. मी बाकड्याखाली जायच्या विचारात होतो, पण त्या एवढंच म्हणाल्या, "केटली कुठे टाकलीस? दोघांना तिसऱ्यांदा चहा हवाय. बस मागे." संपूर्ण रस्ताभर त्यांचा पाठमोरा अंबाडा बघून मला काही अंदाज आला नाही. दुकानात शटर अर्धं खाली होतं. दोघं एकाच बाजूला, दोन स्टुलांवर, मधे पोह्यांची एकच ताटली. मी दारातच थांबलो. मग श्रीधरकाकांनी मिलिंदभाईंना विचारलं, गणपतीत सात कुणाला सांगितले होते, तुला की मला? आणि मिलिंदभाईंना पोह्यांचा ठसका लागला.

ता. क. दुसरा : दोघांनी मिळून दोन्ही कंपन्यांना कळवलं की विक्री जवळजवळ शून्य आहे, माल परत घ्या. दोघींकडून आजच उत्तर आलं. मजकूर एकसारखाच आहे : आमच्या नोंदीप्रमाणे सिल्वासाचा सगळा माल विकला गेलेला आहे, आणि विकलेला माल परत घेता येत नाही. नवीन टेम्पो निघाला आहे. तो ठेवायला इथे जागा नाही. पाटीची स्पर्धा मात्र दोघांनी सोडली, आणि मिलिंदभाईंचं पोस्टर आता आमच्या भिंतीवर आहे, घुबडाशेजारी. नाशिकचं रद्द. भक्तीवहिनींनी मेव्हण्याला फोन केला तो मी ऐकला.

ता. क. तिसरा : वर लिहिलेले काही आकडे तपासून घ्यावेत. पाच महिने म्हणजे खरे साडेतीन. डबे ऐंशी लिहिले, आज मोजले तर दोन्हीकडे एकतीस-एकतीस भरले. सवय लागली आहे, ती हळूहळू उतरेल. नऊ मात्र नऊच आहेत. म्हणजे सात.

ता. क. चौथा, खरं तर हेच लिहायचं होतं : रविवारी श्रीधरकाका, मिलिंदभाई आणि मी टेम्पो घेऊन शहाद्याला येतोय. बासष्ट डबे आहेत, तुमच्या मागच्या खोलीत दिवाळीनंतरचं नवं गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवायचे आहेत. कोरडी जागा हवी, आणि मिरचीच्या पोत्यांपासून लांब. पण डबे हे निमित्त आहे. त्या दोघांना तुम्हाला भेटायचंय. मी त्यांना गुळाची गोष्ट सांगितली, तर त्यांचा विश्वास बसला नाही. ते तुमच्या दुकानात, गल्ल्यासमोर उभे राहून विचारणार आहेत, हे पोरगं म्हणतं तो नियम तुमचाच का. मामा, आयुष्यात तुमच्याकडे एवढंच मागतो. तेव्हा नाही म्हणू नका.